जुनी बोट घेताना: ताका उलगडल्याशिवाय सौदा नको

माझा धंदा कापडाचा. भिवंडीत ग्रे कापडाच्या खरेदी-विक्रीत माझी तीस वर्षे गेली. तेव्हा या पानावर मी बोटींविषयी लिहितो आहे हे पाहून काही वाचकांना नवल वाटेल. "शेठ, बोटीतले तुम्हाला काय कळते?" असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. २०१८ पर्यंत मला बोटीतले काहीही कळत नव्हते. त्या न कळण्याची किंमत माझ्या बहिणीच्या घराने भरली. त्यानंतर मी मिस्त्री, तांडेल, इंजिन दुरुस्त करणारे, विम्याचे सर्व्हेयर आणि मच्छीमार संस्थांचे सचिव अशा अनेकांशी बसून जे समजून घेतले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

कोकण किनाऱ्यावरची आपली अनेक घरे समुद्रावर जगतात. काही पिढ्यान् पिढ्या मच्छीमार आहेत. काहींचे मुलगे आखातात दहा-बारा वर्षे राबून परत येतात आणि साठवलेला पैसा कुठे लावावा या विचारात असतात. नवी बोट बांधायची तर आवाक्याबाहेरचा खर्च. मग नजर जुन्या बोटीकडे वळते. जुनी बोट घेणे वाईट नाही. बंदरातल्या कितीतरी चांगल्या नाखव्यांनी सुरुवात जुन्या बोटीवरच केली. माझे म्हणणे एवढेच की आपण ती ज्या पद्धतीने घेतो, ती पद्धत चुकीची आहे.

माझ्या भाच्याची बोट

भाचा कुवेतहून कायमचा परत आला तो २०१७ साली. पुढच्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मामू, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरात लाकडी ट्रॉलर आहे. अठरा लाख सांगतात, सतरात देतील. तुम्ही एकदा येऊन फक्त हो म्हणा." मी गेलो. बोट पाण्यावर उभी होती. नवा रंग, बाहेरून फायबरचे चकचकीत अस्तर, नाळेवर फुलांचा हार. विकणारे गृहस्थ माझ्या बहिणीच्या सासरच्या ओळखीतले, वयाने मोठे, बोलायला गोड. चहा झाला. इंजिन एका कळीत सुरू झाले. मी उगाच इंजिनावर हात ठेवला तर ते आधीच गरम होते. म्हणजे आम्ही पोचण्यापूर्वी कोणीतरी ते चालवून ठेवले होते. माझ्या मनात शंका आली, पण मी बोललो नाही. वयाने मोठ्या माणसासमोर, त्यांच्याच चहाचा कप हातात असताना, "इंजिन गरम का?" असे विचारायला भीड वाटली.

भिवंडीत माझ्याकडे कोणी पन्नास ताके घेऊन आला तर मी सगे असो वा परके, ताका उलगडतो, काच लावून धागे मोजतो, वजन करतो आणि कोपरा चोळून पाहतो. चोळल्यावर पांढरी भुकटी हातावर आली तर समजतो की खळ जास्त भरली आहे. एका धुण्यात कापडाचा पडदा होऊन जाईल. या तपासणीचा राग कोणाला येत नाही. आणि हाच मी त्या दिवशी सतरा लाखांच्या मालाचा एक कोपराही न चोळता "बिस्मिल्ला करा" म्हणून मोकळा झालो.

ऑगस्टमध्ये बोट समुद्रात गेली. ऑक्टोबरपासून तळात पाणी वाढू लागले. नोव्हेंबरात ती किनाऱ्यावर ओढली आणि मिस्त्रीने फायबरचे अस्तर एका जागी सोलले. आतली फळी बोटाने उकरता येत होती. दुरुस्तीचा अंदाज सहा लाखांचा निघाला. त्याच सुमारास एका सहकारी संस्थेचे पत्र आले की या बोटीवर जुने कर्ज बाकी आहे. हंगाम गेला, बहिणीच्या बांगड्या गेल्या आणि शेवटी बोट इंजिनाच्या भावाने विकावी लागली. भाचा पुन्हा कुवेतला गेला. तो मला आजवर एका शब्दाने बोललेला नाही. त्याचे न बोलणेच मला जास्त लागते.

खरेदीचे कॅलेंडर

आता मुद्द्यावर येतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. या काळात बोटी किनाऱ्यावर किंवा खाडीत ओढून ठेवतात. बहुतेक सौदे होतात ते जुलैच्या अखेरीस. तेव्हा बोट रंगवून तयार असते आणि घेणाऱ्याला १ ऑगस्टची घाई असते. घेणाऱ्यासाठी यापेक्षा वाईट वेळ दुसरी नाही. बोट पाण्यात उतरलेली असेल तर तळ दिसत नाही. किनाऱ्यावर असेल तर इंजिन चालवून बघता येत नाही. शिवाय ताज्या रंगाखाली सर्व काही झाकलेले.

माझे मत असे की जुनी बोट मे महिन्यात चालवून पाहावी, जूनच्या पहिल्या आठवड्यात जमिनीवर पाहावी, जुलैत कागद पुरे करावेत आणि मगच उरलेले पैसे द्यावेत. मे महिन्यात बोट कामावर असते. तिचे इंजिन, तिचा वेग, पाणी किती घेते, हे सर्व प्रत्यक्ष दिसते. जूनच्या आरंभी ती ओढली जाते तेव्हा अजून खरवडलेली, रंगवलेली नसते. आणखी एक गोष्ट मला एका मिस्त्रीने शिकवली. ओढल्यानंतर पहिले एक-दोन दिवस बोटीच्या तळात साचलेले पाणी ज्या सांध्यातून बाहेर पाझरते, तोच सांधा समुद्रात पाणी आत घेतो. पाझराची ती ओली रेघ म्हणजे बोटीने स्वतः लिहून दिलेला कबुलीजबाब. चार दिवसांनी लाकूड वाळते आणि रेघ पुसली जाते. म्हणून बोट ओढतील त्याच दिवशी तिथे हजर राहा.

लाकूड कसे पाहावे

आपला मिस्त्री बरोबर न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे. त्याची मजुरी आपण द्यावी. बोट जिथे बांधली किंवा दुरुस्त झाली तिथला मिस्त्री शक्यतो टाळावा, कारण त्याला आपल्याच कामाचा ऐब सांगणे जड जाते.

मिस्त्री लहान हातोडीने फळ्या ठोकत जातो. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले भद्द वाजते. शंका आली तिथे टोच्या लावतात. तो सहज आत गेला तर फळी गेली असे समजावे. सर्वसाधारण समजूत अशी की खारे पाणी लाकूड कुजवते. प्रत्यक्षात कुज लागते ती बहुतांशी गोड्या पाण्याने. म्हणून पावसाचे पाणी जिथे साचते त्या डेकच्या कडा, केबिनचे कोपरे आणि मुख्य म्हणजे मासळी-बर्फाचे खण, या जागा आधी पाहाव्यात. बर्फ वितळून झालेले गोडे पाणी वर्षानुवर्षे खणाच्या तळाशी मुरत असते. खणात थर्माकोल किंवा फोमचे अस्तर असेल तर एखादा तुकडा काढून दाखवायला सांगावे. तो पाण्याने जड झालेला असेल तर त्यामागचे लाकूड कसे असेल हे वेगळे सांगायला नको.

पाण्याखालच्या भागाला दुसरा धोका असतो तो लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याचा. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते आणि आत बोट जाईल एवढे बोगदे असतात. पठाण, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, आणि सुकाणूचे लाकूड या दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. फळी बदलता येते. पठाण बदलणे म्हणजे जवळजवळ नवी बोट बांधणे. तसेच बोटीच्या मागे लांब उभे राहून पठाणाची रेषा सरळ आहे की कमानीसारखी वाकली आहे हेही पाहावे. वाकलेल्या बोटीचा शाफ्ट कधीच नीट बसत नाही.

फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून वर राळ-तेलाचा लेप देतात. कापूस निघाला असेल तर तो नवा भरता येतो, त्याचा फार बाऊ करू नये. मात्र खिळ्यांच्या तोंडाशी गंजाचे ओघळ दिसत असतील तर खिळा आत झिजला आहे. एकच ओघळ असेल तर गोष्ट वेगळी. ओळीने ओघळ असतील तर बोटीच्या बरगड्या फळ्यांना धरून नाहीत असे समजावे.

आता फायबरच्या अस्तराविषयी. आमच्या भाच्याला याच ठिकाणी फसवले गेले. नव्या, कोरड्या लाकडावर नीट घातलेले अस्तर चांगलेच असते, किड्यापासून बचाव होतो. परंतु जुन्या, ओल्या लाकडावर घातलेले अस्तर ओल आत कोंडून ठेवते आणि लाकूड आतल्या आत कुजते. कापडातल्या जादा खळीसारखाच हा प्रकार. रुपयाच्या नाण्याने अस्तरावर ठोकत जावे. जिथे पोकळ आवाज येईल तिथे अस्तर लाकडापासून सुटले आहे. अस्तर कधी घातले, त्या वेळी बोट किती वर्षांची होती, कोणी घातले, हे तीन प्रश्न विचारावेत. विकणारा या तिन्हींची सरळ उत्तरे देत नसेल तर एका जागी अस्तर सोलून पाहण्याची अट घालावी. तो तुकडा पुन्हा बसवायचा खर्च आपण सोसावा. बोट संपूर्ण फायबरची असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, फोड आणि इंजिन बसवलेल्या जागेच्या आसपासचे तडे पाहावेत.

इंजिन आणि पंखा

इंजिन पाहायला जाताना वेळ कळवू नये, किंवा कळवलेल्या वेळेच्या तासभर आधी जावे. पहिले काम, इंजिनावर हात ठेवावा. ते थंड असले पाहिजे. थंड इंजिन किती प्रयत्नांत सुरू होते यावर त्याची अर्धी तब्येत कळते.

मग धुराकडे पाहावे. सुरू होताना थोडा धूर येणे स्वाभाविक आहे. तो निळसर राहिला तर इंजिन तेल जाळते आहे. पांढरा राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जाते आहे. काळाभोर असेल तर इंजेक्टर बिघडले आहेत किंवा इंजिनावर ताकदीबाहेरचा भार आहे. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधट दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, तिथेच सौदा थांबवावा. तेल अगदी ताजे, सोनेरी असेल तर तेही शंकेचे कारण. कालच का बदलले, हे विचारावे.

बंदरात दहा मिनिटे फटफट करून काही कळत नाही. बोट खाडीबाहेर नेऊन निदान तासभर पूर्ण जोरात चालवावी. इंजिन तापल्यावर तेलाचा दाब किती राहतो, पाण्याचे तापमान कुठे स्थिरावते, पुढचा-मागचा गिअर झटका देतो का, हे आपल्या मेकॅनिकने पाहावे. आपल्याकडील कितीतरी बोटींत मूळ ट्रकसाठी बनलेली इंजिने बेतून बसवलेली असतात. त्यात काही गैर नाही, पण कूलिंगची व्यवस्था खाऱ्या पाण्याला साजेशी केली आहे का ते तपासावे. शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथे थेंब-थेंब पाणी येणे ठीक, धार लागता कामा नये.

बोट ओढल्यावर पंखा पाहावा. पितळी पंख्याचा रंग पिवळा असावा. तो तांबूस, गुलाबी झाला असेल तर धातूतले जस्त समुद्राने खाल्ले आहे आणि पाते केव्हाही तुटू शकते. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा. जास्त हलला तर बेअरिंग संपले आहे.

आणि एक जुना, बिनखर्चाचा उपाय. संध्याकाळी तळातले पाणी पूर्ण उपसून काढावे आणि ती रात्र बोटीवर झोपावे. सकाळी किती पाणी जमले ते मोजावे. लाकडी बोट थोडे पाणी घेतेच. पण रात्रभरात पंप लावायची वेळ आली तर सकाळच्या चहाला न थांबता घरी यावे.

कागद आधी, लाकूड नंतर

माझ्या मते लाकडातला ऐब पैशाने दुरुस्त होतो, कागदातला ऐब माणसाला कोर्टात नेतो. म्हणून मिस्त्री बोलावण्यापूर्वीच कागद पाहावेत.

पहिली गोष्ट नोंदणी. मत्स्यव्यवसाय खात्याकडील नोंद कोणाच्या नावावर आहे ते खात्यात जाऊन पाहावे. झेरॉक्सवर भरवसा ठेवू नये. बोटीवर रंगवलेला क्रमांक, नोंदणीतली लांबी-रुंदी, इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती हे सर्व प्रत्यक्षाशी जुळले पाहिजे. फूटपट्टी घेऊन मोजायला लाजू नये. नोंदणीनंतर बोट लांबवलेली किंवा इंजिन परस्पर बदललेले असेल तर त्याचा जाब उद्या नव्या मालकाला द्यावा लागतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी पोरबंदरची एक मासेमारी बोट बळकावून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर बोटींचे आणि खलाशांचे कागद फार बारकाईने तपासले जातात. ज्याच्या नावावर बोट नाही आणि जो ती चालवतो, त्याला समुद्रात अडवले गेले तर किती त्रास होतो हे सांगायला नको. "नाव नंतर करू, सध्या माझ्याच नावावर चालवा," हे वाक्य ऐकले की उठून यावे.

दुसरी गोष्ट मासेमारीचा परवाना. महाराष्ट्रात हा परवाना १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो. बोट विकत घेतली म्हणजे परवाना आपोआप आला असे नव्हे. तो कोणत्या जाळ्याचा आहे हेही पाहावे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. २०२१ च्या दुरुस्तीने राज्याच्या कायद्यातला दंड लाखांच्या घरात गेला. तरीही "पर्ससीनची कमाई" दाखवून बोटीचा भाव वाढवणारे भेटतात. ज्या कमाईचा परवाना आपल्याला मिळणार नाही, त्या कमाईची किंमत आपण का द्यावी?

तिसरी गोष्ट कर्ज. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून, सहकारी संस्थांमार्फत, आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ बोटी बांधल्या गेल्या. कर्ज फिटेपर्यंत बोट तारण असते. म्हणून ज्या संस्थेत विकणारा सभासद आहे तिचा, आणि बँकेचा, नाहरकत दाखला मूळ प्रतीत घ्यावा. याशिवाय कागदावर कुठेच नसलेले एक कर्ज असते. मासळीच्या व्यापाऱ्याकडून किंवा दलालाकडून घेतलेली उचल. तिच्या बदल्यात बोटीची मासळी त्याच व्यापाऱ्याला द्यायची असते. बर्फ, डिझेल, जाळे यांची उधारीही असते. कायद्याने हे देणे जुन्या मालकाचे, पण बंदरात पहिल्याच फेरीला व्यापारी नव्या मालकाच्या दारात उभा राहतो. म्हणून सौद्यापूर्वी बंदरावरच्या बर्फवाल्याला, डिझेलच्या पंपावर आणि लिलावाच्या जागी जाऊन सरळ विचारावे.

खलाशांचा पगारही विचारावा. सागरी दाव्यांविषयीच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे खलाशांच्या थकलेल्या पगाराचा बोजा बोटीवर असतो आणि मालक बदलला म्हणून तो सुटत नाही. गरिबाचा तो हक्कच आहे. पण तो बोजा किती, हे किमतीत धरले पाहिजे.

चौथी गोष्ट विमा. जुन्या मालकाची पॉलिसी चालू आहे म्हणून आपण निश्चिंत राहू नये. १९६३ च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे मालाचा हक्क दुसऱ्याकडे गेला म्हणजे विम्याचा हक्क आपोआप जात नाही, तसा करार असावा लागतो. कंपनीला कळवून लेखी घ्यावे. जुन्या पॉलिसीचे आणि पूर्वीच्या नुकसानभरपाईचे कागद मागितले तर बोट कधी आपटली, कधी बुडाली, हेही समजते.

"एवढी तपासणी म्हणजे अविश्वास"

हे सर्व वाचून काही जण म्हणतील, अशाने सौदा होणारच नाही. मी तीन आक्षेप नेहमी ऐकतो.

पहिला, बोट ओढण्याचा खर्च आणि वेळ. "उधाण गेले, आता पंधरा दिवस बोट ओढता येणार नाही," असे सांगतात. खरे आहे, उधाणाची भरती पंधरवड्याने येते. मग पंधरा दिवस थांबावे. सतरा लाखांच्या मालासाठी पंधरा दिवस फार नाहीत. खर्च घेणाऱ्याने द्यावा, आणि ऐब निघाला तर तो दोघांनी वाटून घ्यावा, असे आधीच लिहून ठेवावे.

दुसरा, "दुसरे गिऱ्हाईक तयार आहे." तीस वर्षांच्या धंद्यात मी हे दुसरे गिऱ्हाईक रोज ऐकले, डोळ्यांनी क्वचितच पाहिले. असले तरी त्याला घेऊ द्यावे. बोटी संपत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. "आपल्यातले आहेत, शंका कशी घ्यायची?" वाचकहो, माझे म्हणणे उलट आहे. आपल्यातले आहेत म्हणूनच तपासावे. परक्याशी तकरार झाली तर पैसा जातो. आपल्याशी झाली तर पैशाबरोबर येणे-जाणे, लग्नकार्य, सलाम-दुआ सगळे जाते. आमच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांनी ऐब आणि गैब या दोन शब्दांतला फरक शिकवला होता. ऐब म्हणजे दोष, गैब म्हणजे डोळ्यांआड असलेले. धंद्यातली बरीच भांडणे ऐबाची नसतात, डोळ्यांआड ठेवलेल्या ऐबाची असतात. विकणाऱ्याने "ही फळी खराब आहे, म्हणून पन्नास हजार कमी द्या," असे सांगितले तर कोणाचे नुकसान होते? बोट जुनी आहे हे घेणाऱ्याला माहीतच असते.

कायदाही घेणाऱ्याला जागे राहायला सांगतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सूत्र असे की माल कामाचा आहे की नाही हे पाहणे मुख्यतः घेणाऱ्याचे काम. माल पाहूनही जो दोष सहज दिसण्यासारखा होता तो आपण पाहिला नाही, तर नंतर तक्रारीला फारशी जागा उरत नाही. मी गरम इंजिनावर हात ठेवला होता. मी कोणाकडे तक्रार करणार?

पैसे कसे द्यावेत

माझी सूचना अशी. बयाणा लहान द्यावा आणि स्टँपपेपरवर द्यावा. त्यात लिहावे की जमिनीवरची तपासणी, समुद्रातली फेरी आणि कर्ज नसल्याचा दाखला या तीन गोष्टी पटल्या नाहीत तर बयाणा परत. तपासणीनंतर साधारण निम्मी रक्कम. उरलेली रक्कम नोंदणी आपल्या नावावर झाल्याच्या दिवशी. सर्व बँकेमार्फत. जाळी, विंच, वायरलेस, जीपीएस, लाइफ जॅकेट, नांगर, दोर, काय काय किमतीत आहे याची यादी करून दोघांनी सही करावी. नाहीतर ताबा घेताना बोट असते आणि जाळे नसते.

किंमत ठरवतानाही एक चूक होते. हातात सतरा लाख असतील तर सतराची बोट घेतली जाते. मग पहिल्या हंगामाचे डिझेल, बर्फ, खलाशांची उचल आणि अचानक निघणारी दुरुस्ती यासाठी व्याजाने पैसा उचलावा लागतो. सतरा असतील तर बाराची बोट पाहावी. कापडाच्या धंद्यातही सगळे भांडवल मालात गुंतवणारा दुकानदार पहिल्या मंदीत बसतो.

शेवटी एक विनंती आपल्या बंदरांवरच्या मच्छीमार संस्थांना आणि मोहल्ल्यातल्या जाणत्या मंडळींना. प्रत्येक बंदरात दोन-तीन मिस्त्री आणि मेकॅनिक असे असावेत की जे ठरावीक फी घेऊन कोणाचीही बोट तपासतील आणि काय पाहिले ते कागदावर लिहून देतील. संस्थेने एक छापील तक्ता करावा, त्यात लाकूड, इंजिन, पंखा, कागद, कर्ज असे रकाने असावेत. तो तक्ता भरणे ही सर्वांचीच रीत झाली म्हणजे मग तो मागताना कोणाला भीड वाटणार नाही आणि देताना कोणाला अपमान वाटणार नाही.

गेल्या महिन्यात भाच्याचा कुवेतहून फोन आला. पुन्हा थोडे पैसे साठले आहेत, पुन्हा एक बोट कोणी सुचवली आहे. "मामू, येऊन हो म्हणाल?" मी म्हटले, "हो म्हणायला येणार नाही. मे महिन्यात सुटी काढून ये, मिस्त्रीला घेऊन दोघे जाऊ. रात्री बोटीवरच झोपू." तो हसला. सात वर्षांनी त्या विषयावर आम्ही पहिल्यांदा हसलो.